आटवण्याआधी उसवून पाहा

आर्वी तालुक्यातलं रोहणा हे कापसाच्या पट्ट्यातलं गाव. इथल्या घरांमधलं जुनं सोनं पिकातून आलेलं आहे. वेचणीआधीची सीतादहीची पूजा व्हायची, वेचणी व्हायची, कापूस जिनात जायचा आणि चुकारा हातात आला की देणीघेणी फेडून जे उरेल त्याचा एखादा डाग घडायचा. १९१७ साली सुरू झालेल्या पुलगाव–आर्वी नॅरोगेजवर रोहण्याचं स्टेशन होतं. त्या मार्गाने कापूस बाहेर गेला आणि त्याच्या पैशातलं थोडं घरोघरच्या डब्यांत माशा-तोळ्यांनी साठत गेलं. म्हणून इथल्या आजीला तिची एकदाणी कोणत्या साली झाली ते विचारलं, तर ती साल सांगत नाही. त्या वर्षी कापूस कसा झाला होता ते सांगते.

आता नातीचं लग्न ठरतं, तो डबा उघडतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “हे आता कोण घालतं? देऊन टाका मोडीत, नवीन घेऊ.” दुसऱ्या दिवशी सगळं आर्वीच्या नाहीतर वर्ध्याच्या दुकानात काट्यावर पडतं. तासाभरात शंभर वर्षांचं सोनं आटून एक हार हातात येतो. तसाच हार शेजारच्या मुलीच्या गळ्यातही असतो.

मोडू नका, असं मी म्हणत नाही. न घातलेला दागिना डब्यात राहून कुणाच्याच कामाचा नसतो. तो नव्या रूपात अंगावर यायलाच हवा. पण आटवणं हा त्यातला शेवटचा उपाय आहे, आणि आपण त्यानेच सुरुवात करतो. त्याआधी दागिना उसवून, सुटा करून पाहावा. बऱ्याचदा मूस तापवायची वेळच येत नाही, पैसे वाचतात आणि जुन्या हाताचं काम शिल्लक राहतं. मोडीत कुणी कारागिरीचे पैसे देत नाही. तिथे फक्त धातूचा भाव मिळतो, आणि नव्या डागाची मजुरी सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत पुन्हा तुमच्याच माथी बसते.

डबा उघडल्यावर

दुकानात जाण्याआधी एक दुपार घरी काढा. पांढऱ्या कापडावर सगळे डाग मांडा आणि प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवली तर मापही कळतं. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला जवळ बसवून एकेक डाग तिच्या हातात द्या. हा कुणाचा, माहेरचा की सासरचा, कोणी घडवला, हे ती सांगेल तसं वहीत लिहून घ्या. जुनी पावती मिळाली तर तिच्यावरचं वजन नीट वाचा. पूर्वीचा तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आजच्या दुकानातला तोळा दहा ग्रॅमचा. पावतीवर अडीच तोळे असतील तर ते २९.१६ ग्रॅम होतात, २५ नव्हे. एवढ्या एका गोष्टीवरून घराघरांत “सोनाराने सोनं खाल्लं” किंवा “जावेने बदललं” असे संशय वर्षानुवर्षं राहिलेले असतात.

सोनं स्वच्छ करायला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्ट लावू नका, तिने ओरखडे पडतात. मोती असलेल्या डागाला फक्त ओलसर फडकं फिरवा. मोती फार मऊ असतो, त्याला आम्ल, अत्तर आणि उष्णता सोसत नाही. कुंदनाचं काम तर पाण्यात बुडवूच नका. खड्यामागच्या चकाकत्या वर्खापर्यंत पाणी गेलं की खडा कायमचा आंधळा होतो.

याच दुपारी मालकीचं बोलणंही होऊन जाऊ द्या. आजी हयात असेल तर डाग तिचा आहे. तो मुलाचाही नाही आणि सुनेचाही नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम १४ प्रमाणे बाईची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. ती मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीचाही त्यात तेवढाच हक्क आहे. तिला न विचारता हार आटवला तर हाराबरोबर नातंही आटतं. आजी म्हणाली, “माह्या मायचं आहे ते, मोडू नको बाप्पा,” तर तो डाग त्या दिवशी परत डब्यात ठेवा. बाकीच्यांवर काम सुरू करा.

कस, लाख आणि काट्यावरचं वजन

जुन्या दागिन्याचं वजन तीन प्रकारचं असतं: काट्यावर दिसतं ते, लाख आणि खडे काढल्यावर उरतं ते, आणि त्यात खरोखर असलेल्या शुद्ध सोन्याचं. मोडीचा सगळा गोंधळ या तिघांच्या मधल्या जागेत होतो.

आपले बरेच पारंपरिक डाग आतून पोकळ असतात. बोरमाळेचा मणी घ्या. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून तो होतो आणि आत लाख भरलेली असते. लाख आहे तोवर मणी टणक राहतो. ती वाळून भुगा झाली की बोटाच्या दाबानेही चेपतो. भिंगाखाली मण्याच्या भोकात पाहिलं तर तपकिरी-काळी लाख दिसते. जुन्या पाटल्या, तोडे, वज्रटीक यांतही लाख असू शकते. म्हणून दुकानदार “लाखेची घट” म्हणून अंदाजाने काही टक्के वजा करतो, तेव्हा त्याला थांबवा. तुमच्यासमोर लाख तापवून काढायला सांगा आणि मग वजन घ्या. लाख काढल्यावर डाग परत पूर्वीसारखा होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. तो ठेवायचा असेल तर लाखेला हात लावू नका.

कसाचंही असंच आहे. हल्ली दुकानात मशीनखाली डाग ठेवला की दोन मिनिटांत आकडा येतो. हे मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. मुलामा दिलेल्या किंवा खूप उजळवलेल्या डागाचा आकडा त्यामुळे फसवा निघू शकतो. आटवून त्या लगडीचा तुकडा तपासला की खरं कळतं. जुन्या डागांचा कस कमी येतो त्याला बहुतेक वेळा रेण, म्हणजे जोड लावायचा मिश्र धातू, कारणीभूत असते. ठुशीसारख्या डागात शेकडो बारीक जोड, आणि प्रत्येक जोडाला हलक्या कसाची रेण. डाग फुटल्यावर गावातल्या सोनाराने दोन-चारदा जोडून दिला असेल तर आणखी भर. मूळ पत्रा चांगला असूनही सगळं एकत्र आटवलं की कस उतरतो. यात दरवेळी कुणाची लबाडी असतेच असं नाही.

डाग १९६३ नंतरच्या दोन-तीन वर्षांतला असेल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्या. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. १९६६ मध्ये ही अट सैल झाली. सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत होता. त्या काळात लग्न झालेल्या आजीचा डाग कमी कसाचा निघाला तर तिला कुणी फसवलं असं लगेच धरू नका.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पाटल्यांची जोडी काट्यावर २४.५०० ग्रॅम भरली. लाख काढल्यावर १९.८०० ग्रॅम राहिली. कस २० कॅरट, म्हणजे ८३.३ टक्के आला. शुद्ध सोनं झालं साधारण १६.४९ ग्रॅम. यातून २२ कॅरटचा, म्हणजे ९१६ कसाचा डाग करायचा तर सुमारे १८ ग्रॅमचा होईल. साडेचोवीस ग्रॅम नेलं आणि अठरा आलं, हे आधी कागदावर दिसलं की दुकानात मन कडू होत नाही. आणि कुणी पंधराच सांगितले तर प्रश्न कुठे विचारायचा तेही कळतं.

दुकानदाराच्या आकड्यावर विश्वास बसत नसेल तर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही आपला जुना दागिना थोड्या शुल्कात तपासून मिळतो. नागपुरात अशी केंद्रं आहेत. सोनं बऱ्यापैकी असेल तर हा खेटा घालावाच.

काय उसवतं

आपल्या जुन्या दागिन्यांत ओवलेले डाग खूप आहेत. ते सुटे होतात आणि वाटलेही जातात. म्हणूनच ते पहिल्यांदा पाहायचे.

पुतळीमाळ यात सगळ्यात सोपी. प्रत्येक पुतळीला आपली कडी असते. तीन मुलींत माळ वाटायची असेल तर आटवून तीन चेन करण्याऐवजी पुतळ्या वाटा. पाच पुतळ्या काळ्या पोतीत ओवल्या की रोजचं मंगळसूत्र होतं, एकच पुतळी बारीक साखळीत घातली की कॉलेजच्या मुलीलाही शोभते, आणि दोन पुतळ्यांचे कानातले होतात. त्याआधी कड्या तपासा, शंभर वर्षं दोऱ्यावर घासून त्या अर्ध्या झिजलेल्या असतात. नवी कडी बसवणं हे छोटं काम आहे. पुतळीवरचं चित्रही भिंगातून पाहा. हा प्रकार मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरून आला. त्यावर संताच्या पुढ्यात गुडघे टेकलेला राजप्रमुख असतो, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शुद्ध. बहुतेक घरांत असतात त्या इथेच ठशावर काढलेल्या पातळ पुतळ्या. पण एखादं खरं नाणं निघालं तर ते मुशीत घालणं म्हणजे मोठंच नुकसान.

चांदीच्या रुपयांच्या माळेलाही हेच लागू. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. सहाव्या जॉर्जच्या १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. आटवायला द्यायच्या आधी सालं वाचून रुपये वेगळे करा. एकत्र दिले तर चांगल्याचाही भाव हलक्याच्या मापाने होतो.

बोरमाळ आणि एकदाणी यांचे मणी दोऱ्यातून मोकळे होतात. चेपलेले बाजूला काढा, गोल राहिलेले ठेवा. जुने सोन्याचे मणी, मध्ये पोवळं किंवा काळे मणी, अशी लहान माळ पटवेकऱ्याकडून गाठवून घेतली तर खर्च फक्त गाठणावळीचा येतो. माळ लांब होती म्हणून जी कधी घातली नाही, तिच्यातून गळ्याबरोबरच्या दोन माळा निघतात. पटवेकरी आता फार थोडे उरलेत. तुमच्या भागात एखादा असेल तर त्याच्याकडे काम न्या, हे मी मनापासून सांगते. नायलॉनवर मशीनने ओवलेल्या माळेला ती गाठ आणि तो गोंडा येत नाही.

नथ आटवू नका. तिच्यात सोनं जेमतेम दोन-तीन ग्रॅमचं. तिचं मोल मोत्यांत आणि बांधणीत. जुने बसरा मोती असतील तर ते नैसर्गिक आहेत का हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी कळतं. डोळ्यांनी सांगणाऱ्यावर विसंबू नका. नाक टोचलेलं नसेल तर मूळ तार न कापता दाबाची व्यवस्था करता येते. मोठी नथ साखळीत अडकवून पदकासारखीही घालतात, छान दिसते. मोत्यांची तार सैल झाली असेल तर तेच मोती त्याच क्रमाने नव्या तारेवर घ्यायला सांगा, आणि देण्याआधी मोती मोजून फोटो काढा.

बुगडीचं आयुष्य बदलायला फार थोडं लागतं. वरचा कान आता सगळ्याच टोचत नाहीत, पण मळसूत्र बदलून मागे नेहमीची दांडी-फिरकी बसवली की तीच जोडी खालच्या कानात जाते. कुडीचंही तसंच. पाटल्या-गोठांची अडचण घेराची. आजीच्या मनगटाचं माप दोन-दोनचं, नातीचं दोन-सहाचं. भरीव गोठ वाढवता येतो. पोकळ, लाखेच्या पाटलीला जोर लावला तर ती चिरते. तिला बिजागरी आणि पेच लावून मधे तुकडा घालावा लागतो, आणि हे काम अनुभवी हाताचंच.

डोरल्याबद्दल घरोघरी अडतं. विधवा आजीचं डोरलं नातीच्या मंगळसूत्रात घालावं की नाही? माझं मत विचाराल तर जरूर घालावं. ज्या बाईने एकटीने घर उभं केलं तिच्या गळ्यातलं सोनं अशुभ कसं असेल? पण घरात कुणाचं मन दुखत असेल तर डोरलं पदक म्हणून वेगळ्या साखळीत घाला.

चांदीच्या तोरड्या, वाळे, कडी यांना मोडीत सर्वांत कमी किंमत येते, कारण जुन्या चांदीत भेसळ सर्रास असे. उलट सुट्या केल्या तर त्यातून खूप काही होतं. कंबरपट्ट्याच्या कड्या सुट्या करून ब्रेसलेट होतात, एका तोरडीची साखळी दुपदरी केली की गळ्यातलं होतं. काळी पडलेली चांदी पूर्ण पांढरी करू नका. नक्षीच्या खाचेतला काळेपणा राहिला तरच नक्षी उठून दिसते.

आटवायचंच ठरलं तर

तुटलेली साखळी, एकटी राहिलेली बाळी, चेपलेले मणी, झिजलेल्या अंगठ्या: हे आटवण्याचं सोनं. ते आटवताना तुम्ही समोर असायला हवं. खडे, मोती, लाख, दोरा आधी काढून घ्या. खडे मोजून आपल्या पुडीत ठेवा. पाचू तर आगीजवळ नेऊच नका. मग वजन. मुशीत सोन्याबरोबर चिमूटभर टाकणखार पडतो, ज्योत लागते, हजार अंशांच्या पुढे गेलं की कडा गळतात, रंग केशरी होतो आणि सगळे तुकडे मिळून एक थरथरता गोळा होतो. थंड झाल्यावर लगड काट्यावर ठेवा. आटवण्याआधीचं आणि नंतरचं वजन पावतीवर शेजारी शेजारी लिहून घ्या. थोडी घट येते. ती का आली हे सोनाराला सांगता यायला हवं.

पुढे दोन रस्ते आहेत, आणि त्यांतला फरक समजून घ्या. पहिला: तुमच्याच सोन्याचा डाग घडवायचा. यात तुम्ही फक्त मजुरी देता, आणि सराफ नोंदणीकृत असेल तर मजुरीवर ५ टक्के जीएसटी. दुसरा: जुनं देऊन दुकानातला तयार डाग घ्यायचा. इथे नव्या डागाच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो, जुन्या सोन्याची किंमत नंतर वजा होते. शिवाय प्राप्तिकराच्या नजरेत ही अदलाबदल म्हणजे विक्री असते. सोनं मोठं असेल तर नफ्यावर कर लागू शकतो, तेव्हा आधी सीएला विचारा. मला पहिला रस्ता पसंत आहे. त्याला महिना लागतो, पण तुमचंच सोनं तुमच्याकडे परत येतं.

एक तिसरा मार्गही आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. आटवलेल्या सोन्याची नवी चौकट करायची आणि तिच्यात जुना, न आटवलेला एखादा भाग बसवायचा: वज्रटीकेचा मधला तुकडा, चिंचपेटीची एक पेटी, कर्णफुलाचं फूल. चिंचपेटीच्या दोन पेट्यांचे कानातले आणि बाकीच्यांचा गळ्याबरोबरचा पट्टा असा जोड फार देखणा होतो. फक्त जुना भाग बसवताना त्यातली लाख वितळणार नाही अशी रचना हवी. म्हणजे तो रेणीने न जोडता कडीने किंवा पेचाने अडकवायचा. हे सोनाराला आधी सांगा, काम सुरू झाल्यावर सांगून उपयोग नसतो. हिरे बसवायचे असतील तर त्या चौकटीला १८ कॅरट घ्या, २२ कॅरटच्या नख्या मऊ असतात आणि खडा सुटतो.

काम देताना आणि घेताना

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो. असं निवांत काम आषाढ-श्रावणात द्या. शेतीच्या घरांत तेव्हा हात तंग असतो, पण इथे सोनं आपलंच असतं आणि लागते ती मजुरी. ती चुकारा आल्यावर द्यायची, असं ओळखीच्या सोनाराशी आधी बोलून ठेवता येतं.

कागदावर चित्र काढून घ्या, मोबाइलमधल्या फोटोवर “असंच काहीतरी” म्हणू नका. पावतीवर दिलेल्या सोन्याचं वजन, कस, मोत्या-खड्यांची संख्या, ठरलेली मजुरी आणि तारीख असू द्या. जुना भाग जसाच्या तसा वापरायचा असेल तर त्याचा फोटो दोघांकडे हवा.

तयार डाग घेताना पुन्हा वजन करा. नोंदणी असलेल्या सराफाकडचा डाग असेल तर त्यावर बीआयएसचं चिन्ह, कसाचा आकडा (२२ कॅरटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक, अशा तीन खुणा असतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचं आहे तिथे एचयूआयडीशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घातला की सराफाचं नाव आणि कस दिसतो. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामाला मात्र ही सक्ती नाही. गावातला छोटा सोनार कदाचित हॉलमार्क देऊ शकणार नाही. त्याच्या हातावर विश्वास असेल तर काम त्यालाच द्या आणि कस नंतर केंद्रात तपासून घ्या.

उरलेलं सगळं मागून घ्या: कापलेला तारेचा तुकडा, जुन्या फिरक्या, न लागलेले मणी, सुटलेले मोती. ते पुडीत बांधून पुडीवर डागाचं नाव लिहा आणि ती वहीच्या त्याच पानाला टाचा, जिथे आजीने सांगितलेलं लिहिलं आहे. पुढे कधी एखादा मोती हरवला तर जोडीचा तिथेच सापडेल.